संत रॉक्कोच्या चॅपेलची चकचकीत काच

एर्सिलिओ गवंडी होता, पण पक्का भित्रा. शिडी हलवून बघायचा, मग पुन्हा हलवायचा, तेव्हा कुठं पहिली पायरी! आणि संत रॉक्कोचं चॅपेल दुरुस्तीला आलं ते नेमकं ह्याच्याच हाती.

पाचशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी घुमट केला देखणा, अंड्याच्या टरफलासारखा. पण खालच्या भिंतींना बाहेरून तेवढे घडीव दगड, पोटात नुसते नदीचे गोटे अन् माती. भूकंपानं ते पोट फाडलं. दोन हिवाळे एर्सिलिओ त्यात चुना ओतत होता. भेगेवर त्यानं काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. भेग जराशी हलली, की काच तडकणार.

आज घुमटाला आधार दिलेले लाकडी टेकू काढायचे होते. रिवाज असा, की काम करणाऱ्या गवंड्यानं तेव्हा खाली उभं राहायचं.

टेकूखालची पहिली पाचर निघाली. लाकूड कण्हलं. वरून चिमूटभर धूळ एर्सिलिओच्या मिशीवर पडली.

"दाजी, आहात का गेलात?" मेहुणा फोस्को हातोडा घेऊन ओरडला.

"आहे अजून. तू काम कर!"

डोळे मिटायचीही भीती. तो काचा बघत राहिला. सगळ्या अखंड, सगळ्या धुळीनं आंधळ्या. मधली एकच चकचकीत.

ही काच त्यानं लावलेली नव्हती.

"फोस्को, थांब! पाचर परत ठोक!"

"आता काय, उंदीर दिसला?"

"ठोक म्हणतो ना!"

दारात चॅपेलची किल्ली सांभाळणारी झेलिंदामावशी संत रॉक्कोच्या सणाची फुलं घेऊन उभी होती.

"मावशी, ही काच कुणी बसवली?"

"रागावू नकोस रे. परवा झाडताना बघितलं तर तडकलेली. म्हटलं, तू घाबरणार, टेकू तसेच राहणार, अन् सण पुन्हा तंबूत. म्हणून आमच्या ह्यांच्या फोटोची काच कापून लावली. ह्यांना आता काय त्याचं!"

"अहो, मी मेलो असतो!"

"फुलं तयारच होती, दाजी," फोस्को म्हणाला. पण पाचर त्यानं आणखी दोनदा ठोकली.

भिंत उकरली, तर त्या भेगेमागं खांद्यापर्यंत हात जाईल एवढी पोकळी निघाली. सण तंबूतच झाला.

पोकळी चुन्यानं भरली, आणि पुढच्या वर्षी टेकू पुन्हा सोडवले. एर्सिलिओ खाली उभा राहिला. आणि झेलिंदामावशीचा हात त्यानं गच्च धरून ठेवला होता.

"मावशी, ह्या काचांत तुमची एकही नाही ना?"

"नाही रे बाबा! बोलू नकोस, वर बघ!"

शेवटची पाचर निघाली. दोघंही वर बघत राहिली. काचा धुळकट होत्या, आणि अखंड होत्या.