बिनरेषांचा अंगठा

बँकेतल्या मशीनने आज माझा अंगठा घेतलाच नाही, आणि मला धामणकर नाक्यावरच्या वर्कशॉपमधले युसुफउस्ताद आठवले. वीसेक वर्षं झाली; मी तेव्हा त्यांच्या हाताखाली काम शिकायला लागलो होतो. सुताला खळ लावायच्या मशीनचा पंप गळत होता, त्यापायी लूम अडले होते. उस्तादांनी बोरॉन कार्बाइडची काळी पावडर तेलात कालवली आणि पंपाच्या दोन पोलादी चकत्या एकेक करून तिच्यावर घासायला घेतल्या.

"हिऱ्याच्या खालोखाल कडक हाय ही. जोर उसको करने दे, तू हात हलका ठेव."

मग पुसलेल्या चकत्या त्यांनी एकमेकींवर टेकवल्या. इतक्या सपाट झाल्या होत्या की वरची उचलली, तर खालचीही चिकटून वर आली! मी त्यांच्या हातांकडे बघतच राहिलो. बोटांवर एक रेष उरली नव्हती.

"काका, अंगठा घासून आलात का?" बँकेतली मुलगी वैतागली.

"होय बाळा," मी म्हटलं, "वीस वर्षं."