कासवाच्या ओळखीची माणसं

लेक पुण्याला शिकायला गेली आणि तिचं कासव माझ्या गळ्यात पडलं. नगरच्या दुकानातून तिनं हट्टानं आणलेलं, कानामागं लाल पट्टा असलेलं. आधीच मी शाळा, घर आणि सासरे यांच्यात पिळून निघत होते. नवरा साखर कारखान्यात. हंगाम सुरू झाला की तो घरी फक्त झोपायला यायचा. त्यात आता टबाचं पाणी बदलायचं.

सासऱ्यांची आठवण पुसत चालली होती. सकाळी चहा नेला की विचारायचे, "बाई, तुमी कोन?"

"तुमची सून, आबा."

"आसंल," म्हणायचे, पण कपाला हात लावायचे नाहीत. परक्या बाईच्या हातचं कसं घ्यायचं? गोळ्या पुढं केल्या की तोंड मिटून भिंतीकडं वळायचे. मी चिडत नव्हते. चिडायलाही अंगात काही उरत नव्हतं.

त्यांची खुर्ची पडवीत, टबाशेजारी. दिवसभर ते कासव बघत बसायचे. त्याला माणसं कळतात हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. माझी चाहूल लागली की ते काठाशी येऊन पाय मारायचं, मान ताणायचं. दूधवाला आला की थेट टबातल्या विटेआड. नवऱ्यानं त्याच्या खाण्याचे दाणे टाकले, तर तो आत जाईपर्यंत तोंड लावायचं नाही.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, ते तुला ओळखतं."

"मला नाही गं, दाण्यांना."

पण दाणे नवऱ्याच्या हातातही असायचे.

दिवाळीला लेक आली. दारातूनच तिनं "आबा!" अशी हाक मारली. सासऱ्यांनी दोन्ही हात जोडले, पाहुण्यांना जोडतात तसे. तिचा चेहरा उतरला. ती टबाशी जाऊन बसली आणि हळू आवाजात कासवाशी बोलायला लागली. कासव विटेआडून बाहेर आलं. कित्येक महिन्यांत तिला पाहिलं नव्हतं, तिच्या हातात दाणेही नव्हते, तरी टबाच्या कडेला नखं खरवडत ते वर यायला धडपडू लागलं.

सासरे खुर्चीतून पुढं झुकले. बराच वेळ बघत राहिले.

"ही पोर घरातली हाय," ते मला म्हणाले. "परक्याकडं जात न्हाई ते."

मग तिनं दिलेली करंजी त्यांनी निमूट खाल्ली. ती स्वयंपाकघरात येऊन रडली. मी करंज्या तळत होते. पाठीवरून हात फिरवायला हातही कोरडा नव्हता.

त्यानंतर मीही तेच करू लागले. चहा देण्याआधी टबाशी उभी राहायचे. कासव आलं की सासरे कप घ्यायचे, गोळ्याही घ्यायचे. रोज सकाळी एका कासवाकडून आपली ओळख पटवून घ्यायची. वाईट वाटायला हवं होतं, पण काम लवकर उरकायचं, एवढंच मला पुरे होतं.

पुढं थंडी वाढली. एका सकाळी पाणी गार पडलेलं, कासव थंडीनं सुस्तावून तळाशी डोळे मिटून पडलेलं. मी हाक मारली, टबावर टिचकी मारली. ते हललं नाही. सासरे माझ्याकडं संशयानं बघू लागले. समजावण्याचं बळच नव्हतं. कप स्टुलावर ठेवून मी तिथंच पायरीवर बसले.

"न्हाई येत आज," ते म्हणाले.

"नाही येत."

"दमलं आसंल." त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. "तुमी बी लई दमल्यासारख्या दिसता, बाई. घ्या, च्या घ्या."

शाळेला उशीर होत होता. मी बसून सगळा चहा प्यायले.