सुतकातला मसाज

आमच्या घरी एका आठवड्यात दोन माणसं गेली. त्यातलं एक खरंच गेलं आणि दुसऱ्याला मी घालवलं.

खरंच गेली ती आई. दुसरे आमचे बाबा. ते आत्ता आत बसून पेपर वाचतायत, तब्येत एकदम ठीक आहे, घाबरू नका. सगळं सांगते. फक्त मी फास्ट टाइप करते आणि मधेच भरकटते, तेवढं लाइट घ्या.

तर आधी माझं काम. मी स्पा थेरपिस्ट आहे. परदेशातल्या समुद्रात एक एवढुसं बेट, त्यावर महागडं रिसॉर्ट, पाण्यावर उभ्या असलेल्या काचेच्या खोल्या आणि त्यात मी, अनवाणी, लोकांच्या पाठीला तेल चोळतेय! पाच वर्षं झाली. (घरी, बरकतपुऱ्यात, सगळ्यांना 'हॉटेल लाइनमध्ये आहे' असं सांगितलंय. कुसुमआत्याने एका स्थळाला तर 'डॉक्टरसारखंच असतं ते' असंही सांगून टाकलं होतं.)

आई गेल्याचा फोन सकाळी आला. हार्ट. काहीच आजार नव्हता, आदल्या दिवशी माझ्याशी मेथीवरून भांडली होती. आणि नेमका त्याच दिवशी समुद्र खवळलेला, बोटी बंद! मी सूटकेस घेऊन जेट्टीवर बसून राहिले. शेजारी एक हनिमूनवालं जोडपं. त्यातल्या नवऱ्याने माझ्यापुढे फोन धरला, "प्लीज, एक फोटो?" आणि मी काढला! रडत रडत काढला, वर हसून विचारलं, अजून एक उभा काढू का म्हणून. (ट्रेनिंग. जात नाही.)

घरी पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. सगळं आटोपलं होतं. आत्या म्हणाली, "किती वेळ ठेवणार होतो गं बाई? ऊन बघ बाहेर." बरोबरच होतं तिचं. पण मी दारात उभी राहिले आणि मला कळेना की आता आत जाऊन नक्की कोणाला भेटायचं.

बाबा खुर्चीत बसलेले. डोक्याचा गोटा, अंगावर पंचा. माझ्याकडे बघून म्हणाले, "आलीस." बस! पुढचे चार दिवस तो माणूस 'हं' च्या पलीकडे गेला नाही. आणि झोपले नाहीत. म्हणजे अजिबात नाही. सुतकात चटईवर झोपायचं असतं, तर हे चटईवर बसून राहायचे, कोपऱ्यातल्या दिव्याकडे बघत. डॉक्टर येऊन बीपी बघून गेले, म्हणाले हे आज-उद्यात झोपले नाहीत तर यांना ॲडमिट करावं लागेल. आत्या म्हणाली, ॲडमिट झाला तर दहावं कोण करणार? आणि मी म्हणाले (मनात), हे पण गेले तर मी काय करणार?

शाहीनखाला वरच्या मजल्यावरून रोज डबा आणायच्या, आमच्याकडे चूल बंद म्हणून. त्या दारातूनच विचारायच्या, "भाईसाब सोए?"

"नहीं, खाला."

"ऐसा नक्को मां. आदमी गिर जाता ऐसा."

आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. अरे! माणसांना झोपवणं हेच तर माझं काम आहे! लोक अर्ध्या जगावरून विमानाने येतात, माझ्या टेबलावर आडवे होतात आणि दहाव्या मिनिटाला घोरतात. मग माझ्या बापाला का नाही?

सहाव्या दिवशी सकाळी आत्या दहाव्याचं सामान आणायला अफझलगंजला गेली. जाताना म्हणाली, "नांदेडहून विमलकाकू येतीय, तिला काचीगुडा स्टेशनवरून घेऊनच येते मी. आणि तनू, लक्षात आहे ना? तेल नाही, साबण नाही, कंगवा नाही."

"हौ आत्या, लक्षात आहे."

आणि लक्षात होतं हो! पण मी विचार केला, ते तेल म्हणजे डोक्याला लावायचं खोबरेल. हे तर लव्हेंडर आहे. (मी किती मोठी हौली, म्हणजे बावळट, आहे, त्याचा हा पुरावा.)

गादी चालणार नाही, म्हणून जमिनीवर चटई. चटईवर पांढरी चादर. पंख्याचा वारा नीट लागावा म्हणून पाय केले खिडकीकडे, म्हणजे दक्षिणेला. स्पामध्ये आम्ही दिशा बघत नाही, समुद्र बघतो! उशाशी छोटीशी पणती, त्यावर वाटीत सुवासिक तेल. ताटलीत पाणी आणि खालांच्या कुंडीतला झेंडू. स्पीकरवर लाटांचा आवाज, बारीक. "बाबा, जरा आडवे व्हा."

"कशाला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय." (खोटं!)

झोपले बिचारे. पाठ झाली, खांदे झाले. खांदे म्हणजे दगड! रिसॉर्टमध्ये असे खांदे आले असते तर मी मॅनेजरला हाक मारली असती. मी नेमाप्रमाणे कानाशी वाकून विचारलं, "प्रेशर ओके, सर?"

बापाला! सर!

"हं," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जोरात चालेल."

सहा दिवसांतलं हे त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य होतं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना सरळ केलं, गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली आणि डोळ्यांवर गुलाबपाण्यात भिजवलेले कापसाचे बोळे ठेवले. मग डोक्याला थोडं तेल. गोटा चकाचक! आणि बाबा झोपले. खरंच झोपले. श्वास असा खोल, हळू, की चादर हलतेय की नाही तेही कळेना.

शेवटची स्टेप असते पायांची. दोन्ही तळवे हातात धरायचे आणि काही करायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. मी धरले. गार पडले होते. टाचांना भेगा. आईच्या पायांना शेवटचं कोणी हात लावला असेल, असं काहीतरी डोक्यात आलं आणि मग माझं काही माझ्या हातात राहिलं नाही. मी बाबांच्या पायांवर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले. आवाज न करता. (हे पण ट्रेनिंग, गेस्ट उठता कामा नये.)

आता तुम्ही दारातून बघताय असं समजा. जमिनीवर माणूस, दक्षिणेला पाय, पांढरी चादर, उशाशी दिवा, झेंडू, डोळ्यांवर कापूस (नाकात नव्हता, पण घाबरलेला माणूस इतकं बारीक कुठे बघतो?) आणि पायांवर डोकं ठेवून रडणारी एकुलती एक मुलगी.

शाहीनखाला डबा घेऊन आल्या आणि त्यांनी नेमकं हेच बघितलं.

"या अल्ला!" त्या कुजबुजल्या. "तनू बेटा... भाईसाब..."

मी डोकं वर केलं. डोळे लाल. आणि काय केलं असेल मी? ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली आणि हळूच म्हणाले, "हौ, खाला. सो गए. आखिर सुकून मिल गया उनको."

खालांनी डबा तिथेच ठेवला आणि तोंडावर ओढणी दाबून खाली पळाल्या. मला वाटलं, किती समजूतदार बाई!

खाली वॉचमन यादगिरी. त्याला खालांनी सांगितलं. यादगिरी कामाचा माणूस. वैकुंठरथवाल्याचा नंबर गेल्या आठवड्यापासून त्याच्या फोनमध्येच होता. त्याने लगेच लावला. (हे सगळं तो मला नंतर मोठ्या अभिमानाने सांगत होता.) ड्रायव्हर म्हणाला, "अरे, वो अड्रेस तो हो गया ना?" यादगिरी म्हणाला, "नहीं भय्या, ये दूसरा. सेम घर."

तेवढ्यात आत्या आणि विमलकाकू रिक्षातून उतरल्या. यादगिरीने डोक्यावरची टोपी काढली.

मला कळलं ते डायरेक्ट जिन्यातून.

"दादा रेऽऽऽ! वहिनीच्या मागं लगेच निघालास रेऽऽऽ!"

मी उठून "आत्या, श्श्श!" म्हणेपर्यंत आत्या दर्भ, काळे तीळ आणि केळीच्या पानांसकट बाबांच्या छातीवर कोसळली होती! बाबा ताडकन उठून बसले. एक बोळा आत्याच्या पदरात, दुसरा अजून डोळ्यावर, चादर गळ्याभोवती, गोट्यावर उजेड. विमलकाकू एकदाच किंचाळल्या आणि शू रॅकवर बसल्या. शू रॅक प्लॅस्टिकचा होता. होता!

"कोण गेलं?" बाबांनी विचारलं.

"तू!" आत्या म्हणाली.

बाबांनी थोडा विचार केला. "बरं," म्हणाले. "मग चहा ठेवा."

आत्या आधी हसली, मग रडली आणि मग तिने नाक वर करून वास घेतला. "तने. हे काय आहे?"

"लव्हेंडर."

"तेल?"

"...अरोमा."

"क्रियेला बसलेल्या माणसाला तेल! अगं, आई गेलीय तुझी! पार्लर आहे का हे?"

खाली रथाचा हॉर्न वाजला. यादगिरी ओरडला, "कॅन्सल, कॅन्सल! साब उठ गए!" ड्रायव्हर काय म्हणाला ते मी इथे लिहीत नाही. गुरुजींना फोन लावला, ते आधी बराच वेळ खोकले (मला वाटतं हसत होते), मग म्हणाले, आंघोळ घाला आणि पोरीला आवरा.

बाबांची आंघोळ झाली. विमलकाकूंना खालांनी साखरपाणी दिलं. मी कोपऱ्यात तुटलेला शू रॅक जोडत बसले, कारण कोणाकडे बघायची हिंमत नव्हती.

बाबा येऊन शेजारी चटईवर बसले. "अर्धा तास झोपलो मी," म्हणाले. "हात चांगला आहे गं तुझा."

मी मान खाली घालून रॅकच्या खाचेत पट्टी बसवत होते. बसत नव्हती.

"तुझ्या आईचे पाय फार दुखायचे," बाबा म्हणाले. "तिला केलंस का हे कधी?"

टोमणा नव्हता हो. अगदी साधं विचारलं त्यांनी. आणि मला आठवलं, मागच्या वेळी मी घरी आले होते तेव्हा आई सोफ्यावर पाय लांब करून म्हणाली होती, "बघू तरी, परदेशात काय शिकलीस." मी मोबाइलमधून वरही बघितलं नव्हतं.

"नाही, बाबा," मी म्हणाले.

"का गं?"

अनोळखी माणसाचा तळवा धरला की त्याला किती दिवस झोप नाही ते सांगणारी मी, पाच स्टार, गेस्ट फेव्हरिट, कधीच कोणाला नाही न म्हणणारी. आणि बापाला खरं उत्तर काय दिलं?

"तेव्हा मी सुट्टीवर होते."