न घेतलेलं नाव

परवा संध्याकाळी अमरावतीच्या एका कॉलेजच्या मैदानावर एक माणूस फक्की टाकून फुटबॉलच्या रेघा आखत होता. त्या पांढऱ्या भुकटीचा कोरडा वास नाकात गेला आणि साठच्या दशकातला इथलाच एक सामना समोर उभा राहिला. त्याची मला आजही लाज वाटते.

कॉलेजांचे सामने तेव्हा नुकतेच रेडिओवर ऐकू येऊ लागले होते. मी नवखा मास्तर, पण आवाज दणदणीत, म्हणून समालोचन माझ्या गळ्यात पडलं. मैदानाच्या कडेला टेबल, वर छत्री, समोर अकोल्याचा संघ. त्यात माझा धाकटा भाऊ. अकोल्याला आमच्या गल्लीत एकच रेडिओ, कंपाउंडरांच्या ओसरीवर. खेळणाऱ्या पोरांच्या आया तिथे जमल्या असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमची आईही त्यांत होती, आणि वडील गेल्यापासून तिचं काळीज हळवं झालं होतं.

उत्तरार्धात भाऊ हेडरसाठी उसळला, दुसऱ्याच्या डोक्यावर आदळला आणि कोसळला. हलेना. नाव घेतलं आणि तिकडे आईचं काही बरंवाईट झालं तर? "अकोल्याचा एक खेळाडू पडलाय, निपचित आहे," मी म्हणालो. स्ट्रेचर आलं, तेही सांगितलं. नाव मात्र गिळलं. पुढची वीस मिनिटं मी चेंडूमागे शब्द पळवत होतो. प्रसारण संपल्यावर निरोप आला, भाऊ शुद्धीवर आहे. वाटलं, आईला वाचवलं!

रेडिओवाल्यांच्या जीपने मी त्याला अकोल्याला घरी नेलं. आईने त्याच्या पट्टीवरून हात फिरवला, मग माझ्याकडे वळली.

"नाव काहून नाई घेतलं?"

"तुले धसका बसन म्हून."

"मले एकलीले बसला असता. तुनं साऱ्या ओसरीले बसवला. गोलकीपरची माय अनवाणी मोटारस्टँडावर पळाली, अजून वापस नाई आली. जाय, घेऊन ये तिले."

स्टँडावर ती अमरावतीहून आलेल्या रिकाम्या बसमध्ये चढून एकेक बाक वाकून पाहत होती.

"काकू, पोरगा धडधाकट हाय तुमचा."

"मंग तवाच सांगाचं ना, बाप्पा," एवढंच म्हणून ती पायरीवर मटकन बसली.

पुढे बरीच वर्षं समालोचन केलं. पोरगा पडला की आधी त्याचं नाव घ्यायचो. तिचे ते तास मात्र तिला कधी परत देता आले नाहीत.