कामणदुर्ग : ज्या शिखराचे वर्णन मला ऐकून लिहावे लागले

मी सदानंद वामन राऊत, वय वर्षे चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, राहणार गोखिवरे, वसई पूर्व. गेल्या रविवारी मी पत्नी नलिनीसह कामणदुर्ग चढलो. जे वाचक हा डोंगर चढू इच्छितात, त्यांना वाट, वेळ आणि पाणी यांची खात्रीलायक माहिती मिळावी हा या लेखनाचा हेतू आहे. एक गोष्ट आरंभीच नमूद करतो. माथ्यावरून दिसणाऱ्या देखाव्याचे वर्णन पुढे येईल, पण ते मी पाहिलेले नाही. ते नलिनीने सांगितले आणि मी लिहून घेतले.

नलिनीचे माहेर गास. त्यांच्या केळीच्या वाडीतून पूर्वेला पाहिले की डोंगररांगेच्या उजव्या टोकाला हा उंचवटा दिसतो. लहानपणी विहिरीवर दात घासताना ती रोज त्याच्याकडे बघत असे, आणि तिथून आपली वाडी कशी दिसत असेल असे तिला वाटे. पुढे लग्न, मुले, शाळेतली नोकरी यांत ते राहून गेले. पुढच्या महिन्यात तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "जायचंच असेल तर आधी जाऊन या. पण उतरताना अजिबात घाई करायची नाही." त्यामुळे ही सहल पुढे ढकलण्यासारखी नव्हती.

मी कागदावर वेळापत्रक आखले. पावणेसातला चढाईस आरंभ, दहाला माथा आणि कोणत्याही परिस्थितीत सव्वाअकराला परतीचे पहिले पाऊल. दुखऱ्या गुडघ्याने उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि झाडीत अंधार लवकर पडतो. माणशी तीन लिटर पाणी, तांदळाची भाकरी, लसणाची चटणी आणि घरची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, एवढी शिदोरी घेतली. नलिनीने कागद वाचला आणि विचारले, "यात दमायला किती मिनिटं दिलीत?"

पहाटे ठरवून ठेवलेल्या रिक्षाने गोखिवऱ्याहून कामणला निघालो. महामार्ग ओलांडून भिवंडीकडे जाणारा हा रस्ता अवजड वाहनांनी उखडलेला आहे, तेव्हा गुडघे-पाठीची तक्रार असणाऱ्यांनी दुचाकी टाळावी. कामणच्या पुढे पायथ्याच्या पाड्यावर यमुनाबाई आमची वाट पाहत होत्या. वय पन्नाशीचे, खांद्यावर कोयता, पायांत साध्या रबरी चपला. लाकूडफाट्यासाठी त्या या रानात रोज जातात आणि कोणी विचारले तर वाट दाखवायलाही येतात. वाटाड्याशिवाय येथे जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. गुरांच्या आणि लाकडाच्या वाटा जागोजागी फुटतात, आणि सगळ्या सारख्याच दिसतात. त्यांच्या ओट्यावर चहा झाला. नलिनी आणि त्या बोलत बसल्या. मी पिशव्यांचे बंद तपासत होतो.

चढ पहिल्या अर्ध्या तासातच छातीवर येतो. कारवीतून आणि सुट्या मुरमावरून वाट सरळ वर जाते. सावली मात्र दाट आहे, आणि सकाळी त्या शांततेत फक्त आपल्याच बुटांचा आवाज येतो. यमुनाबाई पुढे, मधे मी आणि शेवटी नलिनी. हा क्रम तिनेच ठरवला होता. "माझ्या मागे उभं राहून माझा श्वास मोजायचा नाही," अशी तिची अट होती.

यमुनाबाई चालता चालता कोयत्याने एखादी पालेदार फांदी तोडत आणि वाटेलगत आडवी टाकून पुढे जात. मला वाटले, वाट साफ करताहेत आणि कचरा तिथेच सोडताहेत. नलिनीचा पाय अडकायला नको, म्हणून मी त्या फांद्या उचलून झाडाच्या बुंध्याशी नीट रचून ठेवू लागलो. अशा तीन फांद्या मी उचलल्या. मनातून थोडे समाधानही वाटले, हे कबूल करतो.

सव्वाआठला आम्ही एका सपाटीवर थांबलो. नलिनी पाच मिनिटांत यायला हवी होती. दहा मिनिटे झाली. मी हाका मारल्या, शिट्टी वाजवली. उत्तर नाही. यमुनाबाई आल्या वाटेने खाली निघाल्या, मागोमाग मी. खाली येताना लागलेल्या पहिल्याच फाट्यावर त्या थबकल्या.

"हितं मी फांदी टाकलेली. कोनी काढली?"

"मी काढली," मी म्हणालो.

त्यांनी बुंध्याशी रचलेली फांदी पाहिली, मग माझ्याकडे. "दादा, तो केर नाय. ती कडी हाय कडी. दार लावलं व्हतं मी त्या वाटंचं."

जी वाट चुकीची, तिच्या तोंडावर फांदी आडवी टाकायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळते. या रानातली ही पद्धत सकाळी ओट्यावर त्यांनी नलिनीला सांगितली होती, आणि नलिनी तिच्यावर पूर्ण विसंबून चालत होती. मी दार उघडले आणि ती त्यातून आत गेली. या अवधीत माझ्या डोक्यात जे जे आले ते येथे लिहीत नाही. हाका मारत आम्ही त्या वाटेने खाली उतरत गेलो, एवढेच नोंदवतो.

पंधरा मिनिटांनी खालून आवाज आला, "अहो, मी इथे आहे! ओरडू नका, घसा बसेल!"

कोरड्या ओहोळाच्या अलीकडे एका खडकावर ती सुकेळी खात बसली होती. "फांदी नव्हती म्हणून या वाटेने आले. मग उतार लागला. म्हटलं, आपण चढायला आलोय, उतरायचं काय काम? म्हणून बसले."

"शानी हाय ताई," यमुनाबाई म्हणाल्या. "ती बसली म्हनून गावली. चालत ऱ्हायली असती तर दुपार झाली असती."

नलिनीने सगळे ऐकून घेतले. माझ्यावर रागावली नाही. फक्त काठी टेकवत उठताना तिच्या कपाळावर जी आठी आली, ती गुडघ्याची होती. जास्तीचा उतार आणि तोच चढ तिला पुन्हा करावा लागला, तो माझ्यामुळे.

माथ्याखालच्या पाण्याच्या टाक्यांपाशी पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजत आले होते. कातळात खोदलेली ही टाकी अप्रतिम आहेत. पाणी काळेशार, कडा आजही धारदार. त्या काळी हे दगड इतक्या उंचीवर कोणी फोडले असतील या विचाराने मान आपोआप लवते. मात्र पिण्यासाठी या पाण्यावर विसंबू नये. पुढचा टप्पा उघड्या खडकाचा. यमुनाबाई तिथे एकेकालाच हात धरून नेतात आणि तसेच खाली आणतात. एका माणसाला जाऊन येऊन पाऊण तास. दोघांना पुरेल एवढा वेळ उरला नव्हता.

मी घड्याळ पाहिले आणि कागद उघडला.

"त्या कागदात माझ्या गुडघ्याची वेळ आहे," नलिनी म्हणाली. "तुम्ही काढलेल्या फांदीची नाही."

"म्हणूनच," मी म्हणालो. "एकच जण वर जाईल. तू जा."

"आणि तुम्ही?"

"मी पिशव्या सांभाळतो."

"बरं हाय," यमुनाबाई हसल्या. "माकडं लई हायत. पिशव्यांना कोन तरी पायजेच."

नलिनीने सांगितले ते असे. दक्षिणेला वसईची खाडी, तिच्या काठाने मिठागरांचे चौकोन आरशांसारखे चमकणारे. उत्तरेला तुंगारेश्वराचे रान. पश्चिमेला इमारतींची दाटी, आणि तिच्यापलीकडे एक बारीक हिरवी पट्टी, मग समुद्र. "त्या पट्टीत आमची वाडी असणार. वेगळी ओळखता आली नाही. पण इतकी बारीक पट्टी आहे ना ती, अहो, त्यात माझं सगळं लहानपण मावलं याचंच नवल वाटलं."

मी खालून पाहिले ते थोडके आहे. आकाशाच्या कडेवर दोन आकृत्या उभ्या होत्या आणि त्यांतली एक पश्चिमेकडे हात करून दुसरीला काहीतरी दाखवत होती. तो हात बराच वेळ खाली आला नाही.

सव्वाअकराला परतीचे पहिले पाऊल पडले. तीन फाट्यांवर यमुनाबाई थांबल्या. "आता तुमीच लावा कड्या." मी माझ्या हाताने फांद्या पुन्हा आडव्या ठेवल्या. एकीचा पाला चुकीच्या बाजूला गेला होता, तीही त्यांनी नीट करायला लावली. उतरायला पाच तास लागले.

घरी आल्यावर गुडघा सुजला, तीन दिवस शेकला तेव्हा सूज उतरली. शुक्रवारी डॉक्टरांकडे गेलो. शस्त्रक्रियेविषयी काही शंका आहेत का, असे त्यांनी विचारले. माझ्याकडे प्रश्नांची यादी होती. ती उघडण्याआधीच नलिनी म्हणाली, "एकच विचारायचंय. हे झाल्यावर किती महिन्यांनी डोंगर चढता येईल? आमच्या घरातलं एक माणूस वर जायचं राहिलंय."

सदानंद वामन राऊत
गोखिवरे, वसई (पूर्व)
९ फेब्रुवारी २०२५