कमानीतल्या ओल्या विटा

माझा मामा परदेशातल्या एका पोलाद कारखान्यात गवंडी आहे. तो घरं बांधत नाही, भट्ट्या बांधतो. भट्टी विझवून थंड केली की वाकून शिरता येईल एवढ्याशा दारातून तो आत जातो, झिजलेल्या विटा काढतो आणि नव्या बसवतो. दोन विटांमधली फट पोस्टकार्डाहून जाड झालेली त्याला खपत नाही. सुट्टीवर आला की पाणी प्यायच्या आधी आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतो. "आला ओळंबा!" आई म्हणते.

त्याची तिकडची खोली आम्ही फोनच्या पडद्यावरच पाहिलेली. तीन खाटा, तीन कुलूपबंद कपाटं, खिडकीबाहेर धुरांड्यांची रांग. काचेवरची काजळी तो दर रविवारी पुसतो, सोमवारी ती हजर. "जावयासारखी आहे," तो म्हणतो, "न बोलावता येते." त्या खोलीत बायकोला नेता येत नाही. कुटुंब आणायची परवानगी फक्त मुकादमाला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मामा-मामी सगळे मिळून चौदा महिने एकत्र राहिले होते.

त्या वर्षी जुना मुकादम निवृत्त होणार होता. साहेबांनी मामाला सांगितलं, मोठ्या भट्टीची कमान नऊ दिवसांत पुरी कर, जागा तुझी. हे कळताच मामीने एक मोठी बॅग आणली. मी तेव्हा शिकायला तिच्याकडेच राहत होते.

"कशाला गं ही?"

"धान्य ठेवायला," मामी म्हणाली. धान्याला चाकांची बॅग!

मामा एरवी प्रत्येक वीट हातोडीने वाजवून मगच लावतो. कोरडी वीट खणखणते. सातव्या दिवशी सकाळी मात्र घाईत त्याने विटा वाजवल्याच नाहीत. जेवणाच्या सुट्टीआधी एक उरलेली वीट सहज वाजवली, तर ती बद्द बोलली. विटांच्या त्या थप्पीखाली गळक्या नळाचं पाणी साचलं होतं. तोवर सहा ओळी बसल्या होत्या.

"भट्टी तापली की वाळतील," साहेब म्हणाले.

तिथल्या भाषेतले साठ-सत्तर शब्द मामाला येतात. त्यातला 'नाही' त्याने त्या दिवशी पहिल्यांदा साहेबांसमोर काढला. वाळायच्या आधी विटा फुटतील, कमान ढासळेल, भट्टीपाशी माणसं असतील, एवढं त्याने तुटक शब्दांत आणि बाकीचं हातांनी सांगितलं. साहेबांनी खांदे उडवले. उशीर झाला तर जागा दुसऱ्याची.

मग त्याने मामीला फोन लावला. ती भाजी निवडत होती, म्हणून फोन माझ्या हातात, आवाज मोठा.

"अहो, विचारताय की सांगताय?" सगळं ऐकून मामी म्हणाली.

"विचारतोय."

"किती काढल्या?"

"दोन ओळी."

"मग विचारताय कसलं! उरलेल्या चार काढा. आणि पुन्हा घाई केलीत तर याद राखा."

फोन ठेवल्यावर तिने निवडलेली मेथी आणि काड्या एकत्र केल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला बसली.

तिकडे मामाच्या दोन सोबत्यांनी कपाळाला हात लावला, मग हातमोजे चढवले. कमान अकराव्या दिवशी पुरी झाली. खालचा लाकडी आधार काढताना बाकीचे बाहेर गेले. मामा आत, बरोब्बर मध्यभागी उभा राहिला. असं उभं राहणं नियमात बसत नाही, आणि हे त्याने आम्हाला कितीतरी महिन्यांनी, तेही मामी आसपास नसताना सांगितलं.

मुकादम दुसराच झाला.

"गेली जागा," मामा फोनवर म्हणाला.

मामीने विचारलं, "कमान?"

"उभी आहे. उद्या भट्टी पेटवणार."

"किती वर्षं टिकेल?"

"बारा तरी."

"झालं तर मग," मामी म्हणाली. "ती पडायच्या आत न्या मला."