सखूची मनाई

आज मतदान करून आले. बोटावरच्या शाईचा उग्र वास आला आणि बार्शीच्या शाळेतला आमचा मुलींचा नववीचा वर्ग आठवला.

इतिहासाच्या बाई प्राचीन रोम शिकवत होत्या. तिथं सामान्य लोकांनी निवडलेला प्रतिनिधी 'व्हेटो', म्हणजे 'माझी मनाई आहे', एवढं म्हणाला की बड्यांचा निर्णयही थांबायचा. "पोरींनो, नुसतं मत देऊन लोकशाही चालत नाही. चुकणाऱ्याला अडवावंही लागतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चिठ्ठ्या टाकून वर्गप्रमुख निवडायला लावली.

मेंढपाळाची सखू निवडून आली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मात्र संस्थाचालकांच्या पुतणीचं नाव वाचलं.

सखू ताडकन उभी राहिली. "सर, व्हेटो! मतं मला पडल्यात की!"

"लई शहाणी झालीस व्हय?" म्हणत त्यांनी तिला मैदानात उन्हात उभं केलं. तापलेल्या मातीवर ती अनवाणी पाय आलटूनपालटून उचलत होती. बाई तिच्या बाजूनं भांडल्या, तर महिन्याभरात त्यांना संस्थेच्या करमाळ्याच्या शाळेत धाडलं.

तेव्हा मला मुख्याध्यापकांची चीड आली होती. आता त्याहून जास्त आमची येते. सखूला मत दिलेल्या आम्ही सगळ्याजणी खिडकीतून तिला बघत होतो, आणि घंटा झाल्यावर आम्ही मुकाट्यानं गणिताच्या वह्या काढल्या.